साडेचार इंच

रजिस्ट्रीच्या बाबूनं चतुःसीमा वाचल्या,
पंख्याच्या खडखडीत, एका दमात:
पूर्वेस रस्ता, पश्चिमेस बोळ,
उत्तरेस घर नंबर सतरा, सामाईक भिंत,
दक्षिणेस घर नंबर एकोणीस, सामाईक भिंत.
मुंजाजी सह्या करत होते. मी हिशोब.
नऊ इंचाची भिंत. म्हणजे आपली साडेचार.

नांदेडच्या सिडकोत, जुन्या ओळीतलं मधलं घर.
कोपऱ्याचं अडीच लाखानं महाग होतं,
नव्या प्लॉटिंगमधलं नुसतं फ्लेक्सवर बघायचं.
हे परवडलं, कारण स्लॅबला ओल आहे,
कारण न्हाणीचं दार फुगलंय, लागत नाही,
कारण बिडवे अप्पांना लेकाकडं पुण्याला जायची घाई आहे.
"एकोणचाळीस वर्षांत थेंब गळला नाही," अप्पा म्हणाले,
आणि वर बघितलं नाही.

माझ्या पाटल्या गेल्या. ह्यांचा पीएफ निघाला.
उरलेलं वीस वर्षं, दर पाच तारखेला.
आई म्हणाली, एवढ्यात गावाकडं एकरभर आलं असतं.
एकरात ऱ्हाईल कोण, आई?
माझी लॅब सातला उघडते.

पहिल्या रविवारी खिळा ठोकायला घेतला,
कॅलेंडरसाठी, दुसरं काही नाही.
तिसऱ्या घावाला पलीकडं खळकन काहीतरी पडलं.
मग शांतता.
मग आमच्या दारात नुसरतआपा, हातात पोचा पडलेली परात.
"माझं फडताळ ह्याच भिंतीला हाय, बाई.
ठोक, पण आधी आवाज देत जा."
मी गोरीमोरी.
त्या न विचारता आत आल्या, ओल बघितली,
चौकटीवर अप्पांच्या पोरांच्या उंचीच्या
पेन्सिलीच्या रेघा होत्या, तिथं थांबल्या.
"हे रंगवू नको. सगळ्यात वरची माझ्या इलियासची.
त्यो इकडंच येऊन मोजून घ्यायचा."

पेंटरनं सगळं पिस्ता केलं,
वीतभर चौकट तशीच.
काहून, म्हणाला.
राहू दे, म्हणाले मी.

आणि बुधवारी रात्री अडीचला
भिंतीतून ठक, ठक, ठक.
मुंजाजी उठून बसले, "चोर?"
चोर कशाला वाजवून येईल.
मी कान लावला. ओला रंग गालाला लागला.
पलीकडून आवाज, भिंतीनं जाड केलेला:
"नळ आलेत. अप्पाची बायको अशीच उठायची."

हौदाचं झाकण सरकवलं.
नळ आधी नुसताच खोकला,
मग गंज, मग गढूळ, मग पाणी.
बनियनवर मुंजाजी पाइप धरून,
जणू कुणाचं तरी बोट धरलंय.
मी आत येऊन भिंतीवर तीनदा वाजवलं,
आमच्या बाजूनं.

मग आठवलं,
सतरा नंबरात कोण राहतं
अजून विचारलंच नाही.
तिकडंही वाजवलं. जरा हळू.