भट्टी निवेस्तोवर

दीपनगरच्या बॉयलरवर एकतीस वर्षं काढलेला माणूस
आता फैजपुरात, म्हशींच्या जुन्या गोठ्यात,
माझ्या कपांसाठी आच सांभाळतो.
मी चाकावर, तो भट्टीवर.
पाटी रंगवणाऱ्यानं नाव घातलं, 'कोकिळा डिगंबर',
त्यावर तो म्हणाला, चला,
निदान मागं तरी जागा मिळाली.

इथलं ऊन घाईचं.
मे महिन्यात मी कान जोडेपर्यंत
कपाचं अंग वाळून बसतं.
म्हणून केळीची ओली पानं. जावेच्या बागेतून
सकाळी तो भारा आणतो, एकेक कप झाकतो.
पानाच्या शिरा मातीवर उमटतात.
गिऱ्हाईक विचारतं, हे डिझाइन कुठलं?

घड उतरल्यावर पाडलेले खांब
सुकवून, जाळून, तो राख चाळतो
माझ्या विरलेल्या लुगड्यातून.
तिची झिलई कच्च्या बोराची हिरवी येते,
तिच्या मनात असलं तर.

पहिल्या वर्षी सुकलाल कुंभार आले.
कप उलटा धरून नखानं वाजवला.
"वीज लावून फिरवता?"
एवढंच बोलले. जाताना एक विकत घेतला.
पैसे घेताना
मला माझे हात लपवावेसे वाटले.

मग ते जळगावच्या लग्नाचे साठ कप.
काटा तीनशेवर होता.
तो म्हणाला, निवू दे.
मी म्हणाले, बाहेरच शेहेचाळीस आहे,
निवणार कधी?
तो आंघोळीला गेला.
मी झाकण उघडलं.

त्यानं ओरडायला हवं होतं.
ओल्या केसांनी उभा राहून बघितलं,
झाकण परत लावलं
आणि काट्यावरची धूळ पुसली.

मग अबोला.
पण दोघांच्या धंद्यात तो पुरता पाळता येत नाही.
"धर." "उचल." "डावीकडून, डावीकडून."
कामाचे शब्द अबोल्यात धरायचे नाहीत
असं न बोलताच ठरलं.
कळण्याची भाकरी मात्र
दोघांनी ताटाकडं बघूनच खाल्ली.

रात्री कप ओसरीत, फळीवर.
लाइट गेलेली, पंखा थांबलेला,
म्हणून ऐकू आलं.
टिंग.
झिलईला केसाएवढा तडा जातो, त्याचा आवाज.
बऱ्याच वेळानं दुसरा कप. टिंग.
मग काही नाही. मग दोन एकदम.
माझी घाई मला
सुट्या पैशांत परत मिळत होती.

खाटा दोन हात लांब.
तो घोरत नव्हता, म्हणजे जागा होता.
कितीतरी वेळानं अंधारातून,
पाळीच्या नोंदवहीत आकडा भरावा तसा आवाज :
"सत्तावीस."

मी म्हणाले,
"अठ्ठावीस. खोकल्यात एक हुकला."

हे कामाचं बोलणं धरायचं की नाही,
ते आम्ही अजून
ठरवलेलं नाही.