शेवटचा हप्ता

आम्ही नऊजणी, आणि वाचता येणारी एकच, केझाया.
तिच्या वाटच्या बश्या आम्ही वाटून घ्यायचो,
प्रत्येकी चार जास्त,
आणि ती खिडकीशी बसून वाचायची
शनिवारचा, एका पेनीचा हप्ता.

बाहेर भट्ट्या, बाटलीच्या आकाराच्या, पोटुशा.
धूर इतका की बर्स्लेममध्ये
भर दुपारी दिवे लागायचे.
आत निळा रंग, खारीच्या केसांचा कुंचला.
चाक फिरवायचं, श्वास धरायचा,
काठावर एकच रेघ ओढायची,
निघाली तिथेच येऊन मिळणारी.
नाही मिळाली तर बशी बाद. पैसे कापले.

गोष्ट ऑगस्टा वेनमोरची.
बापाच्या कर्जापायी गिरणीवाल्याला दिलेली,
आणि सदतिसाव्या हप्त्यात
मुलाला शालीत गुंडाळून
मागच्या दाराने निघालेली.

त्या दिवशी रंग वाळून गेला, इतके भांडलो.
म्हातारी मिसेस टॅम्स म्हणाली, मारत नव्हता ना? मग?
प्रुडन्स म्हणाली, मूल घेऊन गेली, टाकून नाही.
हल्डा म्हणाली, चौदा नोकर आणि रोज मटण!
तो नवरा मला द्या म्हणावं, आठवडाभर,
मग सांगते पळायचं की नाही.
हसून हसून तिची रेघ वाकडी झाली.

डॉर्कस हसली नाही.
तिच्या गळ्याला जूनमध्येही रुमाल असे.
मी अकरा वर्षांची, पाणी भरायला ठेवलेली,
सगळ्यांच्या टोपल्या ओलांडत फिरायचे.
तिच्या टोपलीत पावाखाली
लहान मुलाचे बूट होते. दोन्ही.
आणि झग्याचा काठ खाली ओढल्यासारखा जड,
नाणी शिवून घेतली की पडतो तसा.

शेवटचा हप्ता आला नोव्हेंबरात.
केझाया वाचत होती, छान वाचत होती,
पान उलटलं
आणि थांबली.
खोकली. नजर एकदाच
तिसऱ्या टेबलापर्यंत जाऊन आली.
मग वाचू लागली पुन्हा, सावकाश,
अंधारात जिना उतरताना
पायाने पायरी चाचपावी तशी.

ऑगस्टा लिव्हरपूलला उतरली.
एका विधवेकडे माडीवरची खोली मिळाली.
हातमोजे शिवायचं काम मिळालं,
डझनाला नऊ पेन्स.
मुलाला ताप आला,
(इथे केझाया फार वेळ थांबली)
आणि उतरला.

मी तिच्या पाठीशी उभी, हातात तांब्याचा जग.
रविवारच्या शाळेत मी नुकतीच
जोडाक्षरांपर्यंत पोचले होते.
त्या पानावर मला तीनच शब्द लागले:
बर्फ. फाटक. थडगं.
तिच्या तोंडून त्यातला एकही निघाला नाही.

केझायाने मान वळवली. मी वाचते आहे हे तिला कळलं.
मला कळलं हेही तिला कळलं.
मी तिच्या पेल्यात पाणी ओतलं,
भरून सांडेपर्यंत.

सोमवारी डॉर्कसचं स्टूल रिकामं.
मिस्टर कोलक्लफ ओरडला, शिव्या दिल्या,
तिच्या नवऱ्याने दुपारी येऊन
आमची एकेकीची तोंडं बघितली.
मिसेस टॅम्सनेच सांगितलं त्याला,
उत्तरेला गेली म्हणून, ठामपणे,
कुंचला खाली न ठेवता.
मग तिच्या बश्याही वाटून घेतल्या.
प्रत्येकी सात.

परवा भाचीने बाजारातून
तीच कादंबरी आणली, कातडी बांधणीची, पाठ उसवलेली.
शाळेत शिकवते ती. मोठ्याने वाचून दाखवलं:
बर्फात परत आलेली ऑगस्टा,
फाटकाशी कोसळलेली,
आणि नवऱ्याने उदार मनाने
थडग्यावर ठेवलेली क्षमा.
मी म्हटलं, असं नाहीये ते.
मावशी, छापलंय इथे!
म्हटलं, असेल.
छापणाऱ्याला तिथे कोण बसलंय
ते दिसत नसतं ना.