चोवीस दाती

दारव्ह्याच्या बाजारात भागचंदशेठ म्हणाले,
"काय कापाचं हाय, बाई?"
कूलरच्या स्टँडचा पाइप.
"पातळ हाय. चोवीस दाती न्या.
अठराचं अडकते, दात सांडते."

गोठ्याच्या कोपऱ्यात अख्खी दुपार घासत बसले.
पाइपावर नुसती चकाकती रेघ.

धनपाल आला. पाहिलं, हसला नाही.
फुलपाखरी नट सैल केला,
पातं उलटून लावलं:
दात पुढं, माझ्यापासून दूर.
नट आवळून पात्याला टिचकी मारली. टण्ण.
"असं वाजलं पायजे.
जाताना जोर लाव. येताना हलकं ये."

धनपाल आता पुलगावला असतो.
स्टँड थोडं डुगडुगतं, एका पायाखाली कवेलूचा तुकडा.
करवत खिळ्याला, पात्यावर तेलाचं बोट,
नट सैल करून ठेवलेला.
उद्या कामाच्या आधी
टिचकी मारून ऐकायचं.