बेरीज

गोरेवाड्यावर धुकं.
सदाराम नेवारे बेटाच्या अलीकडेच वल्हं रोखतो,
"याच्या फुडं नाई जी. उडतीन."

बेट म्हणजे काय,
पाणी उतरलं की जानेवारीत वर येणारी चिखलाची पाठ,
दोन बाभळी, वनखात्याची गंजकी पाटी.

सिव्हिल लाइन्सच्या महालेखापाल कार्यालयात
एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या.
आता गुडघ्यावर वही, बोटं गारठलेली :
टिलवे एकशे बारा,
शेकाटे चौदा,
तुतवार नऊ, की एकच नऊदा?
शेपूट हलवत तो सारखा समोरून जातो.

ससाण्याची सावली पडते
आणि अख्खं पान उडून जातं.
पुन्हा एकपासून.

मग दुर्बिणीत तो चिखल्या, डाव्या पायात कडं.
कुठल्याशा उत्तरेकडच्या नदीकाठी
कुणीतरी याला मुठीत धरलं असेल,
तळहाताला ती धडधड लागली असेल.
दोन अक्षरं वाचता येतात. तिसरं चिखलात.

"पाय धुवाले सांगू का त्याले?"
सदाराम हसतो. मग हळूच,
"मांगच्या सालीबी याच गोट्यापाशी होता.
वळखतो मी."

तक्त्यात ओळखीला रकाना नाही.
ऑफिसात असतो तर लाल शाईनं लिहिलं असतं :
पुरावा जोडावा.

शेऱ्यात लिहितो, 'जुना. नेवारे यांच्या सांगण्यावरून.'
बेरजेआधी 'सुमारे'. हा शब्द
माझ्या अक्षरात कसातरीच दिसतो.

सदाराम डालड्याच्या डब्यानं
डोंग्यातलं पाणी उपसायला लागलाय,
आवाज न करता.