सतरा-ब

अ‍ॅन आर्बरला आज उणे चौदा.
ह्युरॉन नदीने काठाकाठाने बर्फाची साय धरलीय
आणि मी तळघरात
सोयाबीनचं तेल मोजते आहे,
वाणी पळीने मोजायचा तसं, शेवटचा थेंब झटकून.

तेल इथलंच, लेनावीच्या शेतांतलं.
पाणी दोनदा उकळून निवळलेलं.
आणि साबणाच्या कुळातला एक मध्यस्थ,
एका टोकाने पाण्याचा, दुसऱ्याने तेलाचा,
भांडणाऱ्या दोन्ही घरांत जेवणारा सोयरा.
मग यंत्राची किंकाळी.

आमच्याकडे रवी फिरते ती लोणी सुटावं म्हणून.
घुसळायचं ते वेगळं करायला,
पस्तीस वर्षं एवढंच ठाऊक होतं मला.
इथे घुसळतात सुटू नये म्हणून.
केसाच्या जाडीत दोनशे मावतील
इतका बारीक होतो थेंब,
यंत्राचा सगळा राग आत कोंडून बसतो,
आणि बाटली दिसते दुधासारखी, गरीब.

पहिल्या सोळा फाटल्या.
सकाळी बघावं तर वर पिवळा थर, खाली गढूळ पाणी.
तेलही गेलं, तूपही गेलं, मी पुटपुटले.
"काय म्हणालीस?" लॉर्नाने विचारलं.
धुपाटण्याला इंग्रजी शब्द सापडेना.
म्हटलं, "सोळावी नापास."

लॉर्ना काचसामान धुते, वापरलेल्या बशा वाफेत घालते.
तिच्या नवऱ्याचा, क्लाइडचा, डाव्या पायाचा अंगठा
दोन वर्षांपूर्वी गेला.
ज्या जंतूने नेला
त्याला सगळ्या औषधांची नावं पाठ होती.
आता उजव्या टाचेला जखम आहे.
ती काही विचारत नाही.
फक्त माझ्या बशा टाकण्याआधी
उजेडापुढे धरून बघते.

सतरा-अ मध्ये क्षाराचं माप माझ्या हातून चुकलं.
सतरा-ब टिकली. सहा आठवडे.
काल तिला जंतूंवर सोडलं.
जंतूचं पांघरूणही तेलकटच असतं,
थेंब त्याला नात्यातला समजून बिलगतो
आणि बिलगताच कोंडलेलं सगळं सोडून देतो.
पांघरूण उसवतं.
आतलं पाणी बाहेरच्या पाण्यात.
औषधं कुलूप शोधतात, किल्ली घडवतात,
जंतू रातोरात कुलूप बदलतो.
इथे भिंतच विरघळते.
शिकायला त्याला वेळ मिळत नाही,
डॉक्टर बूर्समा म्हणतात,
आणि थांबून पुढे जोडतात: बहुधा.

बीजाणूंचं निराळं.
ते कवचात निजलेले, वर्षानुवर्षं धीर धरून.
त्यांना थेंब आधी जागं करतो,
उगवायची आशा लावतो,
आणि कवच सैलावलं की मग.
ते मला आवडलं नाही.
वहीत आकडा तेवढा लिहिला.

आज लॉर्नाने बशी दिव्यापुढे धरली.
मधोमध स्वच्छ वर्तुळ,
गोठलेल्या तळ्यावर पोरांनी
घसरायला बर्फ झाडून काढावा तसं.
"हीच का?"
"हीच."
"माणसावर कधी?"

सांगितलं तिला. आधी उंदीर, मग डुकराची कातडी,
मग कागद, कागदांवर कागद.
रक्तात गेलं तर हे आपल्या पेशींनाही बिलगेल,
म्हणून नुसतं वरून लावायचं,
तेही सिद्ध झाल्यावर. वर्षं लागतील.
"किती?"
बहुधा हा शब्द ओठांवर आला होता. गिळला.

तिने बशी लाल पिशवीत टाकली, गाठ मारली,
पुन्हा सोडून घट्ट मारली.
"टाचेला कॅलेंडर वाचता येत नाही,"
म्हणाली. रागाने नाही.
भांड्यांकडे वळली, नळ सोडला.

निघताना सतरा-ब तिरपी करून पाहिली.
वर थर नाही.
तेल अजून पाण्यात आहे.
बाटलीच्या चिठ्ठीवर तारीख असते, माझी सही असते,
तिसरं काही लिहायचं नसतं.
कोपऱ्यात बारीक अक्षर काढलं, क्ला.
पेन्सिलीचंच आहे.
कुणी बोललं तर पुसेन.