मोजणारीण

शेवटचा रस ओतून झाला तरी
भट्टी गार होईस्तोवर थांबावं लागतं कुणाला तरी.
परवा मी थांबलो, उद्यमनगरात, एकटाच.
मोबाइलचा कोपरा फुटका, चहावर साय धरलेली,
आणि शोधता शोधता सापडली ती मालिका,
तेहेतीस वर्षांनी.
कुणीतरी टेपवरून उतरवून ठेवलेली,
कडेनं हिरवट पडलेली, अकरा अकरा मिनिटांची.

तेव्हा आम्ही ती शिकलगारांच्या घरी बघायचो, मंगळवार पेठेत,
दर गुरुवारी साडेपाचला.
खाली दुकानात धारेचा दगड फिरायचा,
कुणाच्या अडकित्त्याला धार लागली की वर पडद्यावर मुंग्याच मुंग्या.
मातीची माणसं, कापसाचा धूर.
चिंचोक्याच्या डोळ्यांचा एक पोरगा,
त्याच्या खिशात घडी घातलेला जिना,
हवा तेव्हा काढायचा, भिंतीला लावायचा.
एक बोकड होता, तो फक्त पत्रं खायचा
आणि खाल्लेलं पत्र झोपेत मोठ्यानं वाचायचा.
आम्ही हसून लोळायचो फरशीवर.

मग यायची ती.
कंदील नाही, काठी नाही, नुसतं एक बोट.
गावातल्या खिडक्या मोजत जायची.
अडतीस असायला हव्यात. रोज अडतीसच.
सगळ्यांना आवाज एकाच माणसाचा,
पोराला तोच, बोकडाला तोच, तिलाही तोच;
तो बाप्या आवाज बाईच्या तोंडातून
सावकाश निघायचा:
पस्तीस.
छत्तीस.

एवढ्यात नसीमा उठायची
आणि टीव्हीवर क्रोशाचं कव्हर ओढायची.
दर गुरुवारी.
भारत्यानं तिच्या वेण्या ओढून बघितल्या.
वैजू म्हणाली, आमचा टीव्ही येऊ दे, तुला उंबऱ्यात घेणार न्हाई.
मी तर एकदा चावलो होतो तिच्या मनगटाला.
ती कव्हराच्या दोन्ही कडा मुठीत धरून
आमच्याकडं तोंड करून उभी,
आतलं पेटीचं सूर थांबेपर्यंत.
नऊ वर्षांची असेल.

आता काय, सगळं दिसतं.
चंद्राला बांधलेला दोरा दिसतो.
बोकडाचा एक पाय मधेच दुसऱ्या रंगाचा होतो.
आणि मोजणारणीच्या गालावर अंगठ्याचा ठसा,
क्षणाक्षणाला जागा बदलणारा.
मी साच्यातला माणूस, हाताची खूण मला कळते.
दर दोन चित्रांच्या मधे कुणीतरी तिला शिवून गेलंय,
मान जराशी वळवून, बोट जरासं उचलून,
आणि चित्र घेताना बाजूला झालंय.
म्हणून ती श्वास घेतल्यासारखी थरथरायची.
म्हटलं, एवढंच होतं होय.

सदतीस.
अडतीस.
तरी बोट खाली येईना.
ती सावकाश वळली,
चिंचोक्याच्या पोरावरून, बोकडावरून, दोऱ्याच्या चंद्रावरून
बोट फिरत फिरत
काचेच्या अगदी जवळ आलं.
एकोणचाळीस, ती म्हणाली,
आणि पेटी वाजली.

वैजूकडून नंबर घेतला. नसीमा मिरजेत असते,
धाकटी पोरगी फार्मसीला.
म्हटलं, नशे, बघितलं मी ते. शेवटापर्यंत.
पलीकडं कुकरची शिट्टी. मग दुसरी.
मग तिनं गॅस बंद केल्याचा आवाज.
"मग? मोजलं तुला?"
व्हय, म्हटलं.
"कोण कोण होता?"
कोण असणार. मी एकटाच.
ती काही बोलली नाही,
फक्त जिभेनं च्यक् केलं,
तेव्हा करायची तसंच.

शेडच्या पत्र्याला वरती एक झरोका आहे,
मी कधी मोजला नव्हता.
कॉटन वेस्टचा तेलकट बोळा उचलला
आणि मोबाइलवर ठेवला, नीट, कडांपर्यंत,
ती अजून लाइनवर होती
हे विसरून.