पन्नास पास्कल

गळणं हे पाण्याचं काम, असं मला वाटायचं.
हॅलिफॅक्सच्या या चार मजली कचेरीत
दाराच्या चौकटीत पंखा ताणून बसवला,
आतली हवा बाहेर ओढत नेली
पन्नास पास्कलपर्यंत,
तेव्हा सगळी इमारत बारीक शीळ घालू लागली.

मॉडेलमध्ये मी भरलं होतं: शून्य पूर्णांक पंचवीस.
तासाला पाव इमारतीची हवा बदलते, एवढंच.
त्यावर बॉयलर बेतला, गॅसचं बिल बेतलं,
आणि तीन हिवाळे बिल काही ऐकेना.

केअरटेकर ॲक्रॉइड माझ्या मागे मागे,
एका हातात चहा, दुसऱ्यात किल्ल्यांचा जुडगा.
मी धुराची कांडी पेटवायच्या आत
तो हनुवटीनं दाखवायचा:
लिफ्टच्या खांबामागं.
छताच्या पत्र्याखाली.
केबल आत घेतली ते भोक, कुणी बुजवलंच नाही.
दरवेळी धूर तिथंच दचकून मागं सरला.
"तेवीस वर्षं," तो म्हणाला. "कुणी विचारलं नाही."

तिसऱ्या मजल्यावर ग्लेनिस, हिशेबाच्या टेबलाशी.
खुर्चीच्या पाठीवरची लोकरी शाल
ऑगस्टातही उतरत नाही.
पायाशी, फायलींच्या आड,
पदरच्या पैशानं आणलेला हीटर.
"हा रिपोर्टात नको हं."

रात्री हॉटेलात आकडा बदलला: एक पूर्णांक एक.
आलेख बिलावर बसला, जवळजवळ.
विजेच्या रकान्यात तेवढा
दीड किलोवॉटचा फरक उरला.
त्याच्यापुढं मी लिहिलं: इतर.